लाभाचा मणी

मानीबाईची माळ माझ्या छत्रीने तोडली. छत्री ओढणारा हात माझा होता, हे मी सहसा दुसऱ्या वाक्यात सांगतो.

ही १९५८ सालातली, दिवाळीनंतरची गोष्ट. पाऊस कधीच ओसरला होता, पण छत्री मी बारा महिने बाळगायचो. पावसासाठी कमी आणि तांड्यातल्या कुत्र्यांसाठी जास्त. मी तेवीस वर्षांचा होतो, कळंबहून नवा मास्तर म्हणून आलो होतो आणि भिण्यासारख्या गोष्टी मला पुष्कळ होत्या. कुत्री होती, विंचू होते, शाळा तपासायला येणारे साहेब होते. पांढरकवड्यापासून सहा मैलांवर, नागपूर-हैदराबादच्या मोठ्या सडकेपासून जरा आत, सागाच्या जंगलाला पाठ लावून हा बंजाऱ्यांचा तांडा बसला होता. त्या जंगलात काय काय आहे, हे तांड्यातले लोक मला मुद्दाम दिवस मावळायच्या सुमाराला सांगत.

राहायला मला मानीबाईच्या घराची पडवी मिळाली होती. मानीबाई पंचेचाळिशीची विधवा, सडकेवरच्या मिशनच्या दवाखान्यात आया. अंगावर आरशांची काचळी, मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि त्या सगळ्या बंजारा थाटात गळ्यात एवढासा पितळी क्रूस. तिची जपाची माळ दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असे. त्याच खुंटीला माझी छत्री. त्या सकाळी मला शाळेला उशीर झाला होता. मी छत्री ओढली, तिची मूठ माळेत अडकली होती, आणि पंधरा वर्षांचा जुना दोरा टक् करून तुटला. सारवलेल्या अंगणात मणी असे धावले, जशी शाळा सुटावी.

मानीबाई दवाखान्यात गेली होती. दुपारपर्यंत यायची नव्हती. मी शाळेचा नाद सोडला आणि गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागलो. तीन उंदराच्या बिळात गेले. एक माझ्या डोळ्यांदेखत कोंबडीने गिळला, आणि ती कोंबडी नंतर कितीतरी दिवस मला फार गंभीर वाटायची. कमी पडले ते मी शाळेतल्या मण्यांच्या चौकटीतून काढून आणले, लाल आणि पिवळे. माळेची रचना मला पाहून पाहून ठाऊक झाली होती. दहा बारीक मणी, मग एक मोठा. पुन्हा दहा बारीक, एक मोठा. असं पाच वेळा, आणि क्रूसाजवळ थोडं शेपूट. बारीक मण्यावर मायची प्रार्थना, मोठ्यावर बापाची, असं मानीबाई सांगायची.

जाड सुतात मी पहिले दहा मणी ओवले. चुकू नये म्हणून मी मोठ्याने मोजत होतो, "लाभ... एक... दोन... तीन..." तेवढ्यात शेजारचा हरिसिंग कुडावरून डोकावला आणि म्हणाला, "गुरुजी, आज शाळा अंगणात भरवली काय?" त्याला हुसकावून उरलेली माळ मी एक, दोन, तीन म्हणत घाईने पुरी केली.

दुपारी मानीबाई आली. मी माळ तिच्या हातात ठेवली.

"तुटलीती काय?" ती म्हणाली.

"छत्रीनं तुटली, मावशी."

"छत्री कोणाची?"

"माझी."

"हां." तिने माळ बोटांतून सरकवायला सुरुवात केली. "अन् हे लाल-पिवळे कायचे?"

"शाळेच्या चौकटीतले."

"म्हणजे सरकारी. बरं झालं. सरकारनंबी जरा देवाचं नाव घ्यावं."

पहिल्या दहांत तिचं बोट क्षणभर अडखळलं. मला वाटलं, लाल मण्यामुळे. मग ती पुढे गेली, माळ पुन्हा खुंटीला लागली, आणि माझ्या छत्रीला मी दुसरी खुंटी ठोकली.

मानीबाई ख्रिस्ती कशी झाली, हे तांड्यात दहा जण दहा तऱ्हेने सांगत. ती स्वतः सांगे ते असं. तिचा नवरा धावजी पटकीने एका दिवसात गेला. ती स्वतः दवाखान्याच्या व्हरांड्यात सात दिवस पडून होती, आणि तिच्या कुशीत चार-पाच वर्षांचा मुलगा लालसिंग. त्या सात दिवसांत एक म्हातारी सिस्टर तिच्या उशाशी बसून माळ ओढत असे. "मले भाषा समजे ना," मानीबाई म्हणे. "पण मणी सरकला का मी बी एक श्वास घेवो. मणी सरकत गेला, श्वास चालू राह्यला." बरी झाल्यावर ती त्यांच्यातच गेली. महिन्यातून एकदा सायकलवर येणाऱ्या फादरांनी तिचं नाव मारिया ठेवलं. "लय दूर जा नाही लागलं," ती म्हणे. "मानीची मारिया."

तांड्याने तिला टाकलं नाही, चिडवलं मात्र भरपूर. हरिसिंग एकदा माझ्यासमोर म्हणाला, "मानी, तुह्या देवाले आपली गोरबोली समजते काय?"

"त्याले न बोललेलं समजते," मानीबाई म्हणाली. "तुले बोललेलं समजत नाही."

तिला अक्षरओळख नव्हती. पडवीचं भाडं म्हणून तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. रोज दिवेलागणीच्या आधी तिच्या शुभवर्तमानाच्या पुस्तकातलं एक पान मी वाचून दाखवायचं. मी काही ख्रिस्ती नव्हतो, पण वाचायला मास्तरच लागतो, म्हणून वाचत असे, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी वाचतो ते निराळं आणि ही ऐकते ते निराळं. तुम्ही जगाचं मीठ आहात, असं आलं की ती मान डोलावून म्हणे, "बराबर हाये. माह्या आजेसासऱ्यानं जिंदगीभर बैलायच्या पाठीवर मीठच वाह्यलं." येशूचा जन्म गोठ्यात झाला, हे तिला अजिबात नवलाचं वाटलं नाही. तांडा चालता असताना तिच्या घरची अर्धी माणसं तशीच जन्मली होती. "धरमशाळेत जागा नाही म्हणले ना? आमालेबी नाहीच म्हणत," ती सहज म्हणाली.

सगळ्यांत तिला आवडे ते वादळाचं पान. सरोवरात होडी बुडायला लागते, शिष्य घाबरून जातात, आणि प्रभू होडीच्या मागच्या टोकाला उशी घेऊन झोपलेला असतो. हे पान मी निदान वीस वेळा वाचलं असेल. दर वेळी ती मला थांबवायची.

"उशी आहे ना?"

"आहे, मावशी."

"मंग वाचा."

मला होडीतले शिष्य जवळचे वाटत. मी एकदा तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुमी त्या होडीत असते ना गुरुजी, तर वादळ यायच्या आधीच ओरडले असते."

पहाटे पाण्याला जाण्याआधी एक माळ, दुपारी दवाखान्याची घंटा झाली की उभ्यानेच चार शब्द, संध्याकाळी पान आणि पुन्हा माळ. असा तिचा दिवस. त्यात देवाचा भाग किती आणि कामाचा किती, हे वेगळं काढता येत नसे, कारण तिला घड्याळ कळत नव्हतं आणि ती वेळ माळेनेच मोजायची. इंजेक्शनच्या सुया उकळायच्या एक माळ. जखमेवरचा शेक अर्धी माळ. दवाखान्यातल्या आताच्या सिस्टरांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ धरून एकदा पडताळा घेतला होता. मानीबाईची एक माळ म्हणजे वीस मिनिटं. तीन माळा म्हणजे तास. सिस्टर केरळातल्या होत्या आणि मराठी पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्या "कृपया जिव्हा दाखवावी" असं सांगत आणि तो भांबावून हात पुढे करी. त्यांनी निकाल दिला होता, "मारियाचे कालमापन अचूक आहे."

हे सगळं मला ठाऊक होतं. माळ तुटली तेव्हाही ठाऊक होतं. पण तेव्हा मी फक्त माळ तुटली म्हणून घाबरलो होतो.

लालसिंग आता मोठा झाला होता, मोठ्या सडकेवर ट्रक चालवायचा. धिप्पाड, हसरा, आईला "याडी" म्हणून हाक मारली की हाक दोन शेतं पलीकडे ऐकू जाई. फाल्गुनात त्याचं लग्न ठरलं होतं. माळ ओवून चार दिवस झाले असतील, तो घरी आला तेव्हा लंगडत होता. ट्रकच्या कमानीचा गंजका पाटा आठवड्यापूर्वी पायावर पडला होता. जखमेवर त्याने वंगण चोपडलं होतं आणि वर चिंधी. "काही नाई याडी, सुकली," तो म्हणाला आणि भाकरीला बसला.

पहिला तुकडा त्याने तोंडाजवळ नेला आणि थांबला. जबडा चोळला. पुन्हा प्रयत्न केला. दात जेमतेम बोटभर उघडले.

"झोपीत मान आखडली वाटते," तो दातांतूनच म्हणाला आणि हसला. पण ते हसू नेहमीचं नव्हतं. ओठ दोन्ही बाजूंनी ओढले गेले, भुवया वर चढल्या, आणि तो हसायचं थांबला तरी तोंड हसतच राहिलं.

मानीबाईच्या हातातलं तांब्याभर पाणी जमिनीवर सांडलं. पंधरा वर्षं दवाखान्यात काढलेली बाई होती. तिने ते हसू आधी पाहिलेलं होतं. ती ओरडली नाही. तिने फक्त मला सांगितलं, "गुरुजी, दमनी जोता. हळू. बैलाच्या घुंगरमाळा काढून टाका."

घुंगरं कशाला काढायची, हे मला तेव्हा कळलं नाही. बैल मला मारतील या भीतीने मी हरिसिंगला हाक मारली, आणि त्याने गुपचूप दमनी, म्हणजे छोटी बैलगाडी, जोतली.

सिस्टरांनी लालसिंगला पाहिलं आणि धनुर्वात असं म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी त्या भाषेचं मला हसू आलं नाही. अंधार पाहिजे. शांतता पाहिजे. प्रकाश, आवाज, धक्का, काहीही झालं की झटका येईल. झटक्यात माणूस धनुष्यासारखा वाकतो आणि त्यातच श्वास अडकू शकतो. असे दहा जण आले की घरी किती जातात, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली.

लालसिंगचा जोडीदार ड्रायव्हर बाबुलाल रिकामा ट्रक घेऊन नागपूरला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाच्या थर्मासमध्ये लस घेऊन परतला. ट्रक त्याने दवाखान्यापासून अर्धा मैल अलीकडे सडकेवरच बंद केला आणि शेवटचा अर्धा मैल थर्मास छातीशी धरून अनवाणी चालत आला. ती लस टोचली. पण सिस्टर म्हणाल्या, शरीरात जे विष चढलं ते चढलं. आता झोपेच्या औषधाचे आणि पाण्याचे थेंब तासा-तासाला द्यायचे. तासाच्या फार आधी दिले तर श्वास मंद होईल, उशीर झाला तर झटका येईल. जबडा तर घट्ट मिटलेला. नशिबाने एका ढाब्यावरच्या मारामारीत लालसिंगची एक दाढ पडली होती. त्या मारामारीबद्दल मानीबाईने त्याला दोन वर्षं बोल लावला होता. आता त्याच फटीतून रबरी नळी आत जात होती.

मागच्या खोलीच्या खिडकीला घोंगड्या लावल्या. भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ काढून नेलं. रात्री सिस्टर बसणार, दिवसभर मानीबाई. सिस्टरांच्या मनगटावरचं घड्याळ सिस्टरांबरोबर व्हरांड्यातल्या रोग्यांमध्ये फिरणार. खोलीत वेळ मोजायला राहिली एक माळ. तीन माळा झाल्या की थेंब.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला पांढरकवड्याला साखर आणि ग्लुकोज आणायला पाठवलं. बाजारात एका दुकानासमोर ज्वारी मापत होते. मापारी पायली भरून ओती आणि मोठ्याने मोजे. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, म्हणजे घरात बरकत राहते. माझे वडील कळंबच्या बाजारात मापारीच होते. ते शब्द ऐकून मला बरं वाटलं. मी उभा राहून ऐकू लागलो.

"लाभ," मापारी म्हणाला. पायली पालथी झाली. "दोन. तीन. चार."

माझ्या हातातली साखरेची पुडी तिथेच राहिली. लाभ, दोन, तीन. लाभ म्हणजेच एक. पहिल्या मापालाच लाभ म्हणायचं आणि पुढे थेट दोन. आणि मी त्या अंगणात काय म्हणालो होतो? लाभ, एक, दोन, तीन. बापातला मापारी आणि शाळेतला मास्तर दोघेही माझ्या तोंडून एकदम बोलले होते. पहिल्या दहांत अकरा मणी होते.

सहा मैल मी कसा आलो, मला आठवत नाही. कुत्री भुंकली असतील तर ती मला ऐकू आली नाहीत. मी गणित शिकवणारा माणूस. वाटेत मी हिशेब मांडला. माळेला एक मणी जास्त, म्हणजे वीस सेकंद. तासाला तीन माळा, म्हणजे एक मिनिट. तिच्या पाळीच्या बारा तासांत बारा मिनिटं. आठवड्याला चौऱ्याऐंशी. तासाच्या औषधात एका मिनिटाने काय होतं, हा साधा प्रश्न कोणत्याही पोराने विचारला असता. पण भ्यालेल्या माणसाचं गणित फक्त बेरीज करतं. दवाखान्याचं कौलारू छप्पर दिसलं तेव्हा माझ्या हिशेबात लालसिंग मेलेला होता आणि त्याला मी मारलेलं होतं.

मागच्या खोलीत शिरलो. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. मानीबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. ओठ बंद. प्रार्थना मनातच चालू होती, फक्त अंगठा हलत होता. तिने हातातल्या पांढऱ्या बांगड्याही उतरवून ठेवल्या होत्या. त्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागेही तिने त्या सगळ्या उतरवल्या नव्हत्या, असं तांड्यात म्हणत. तिचे उघडे कोपर पाहून मला तिची दृष्ट काढावीशी वाटली आणि पळूनही जावंसं वाटलं.

बोलायची सोय नव्हती. बाहेर चला असं खुणेने सांगितलं, तिने मान हलवून नाही म्हटलं. मग मला एक युक्ती सुचली. माझ्या पिशवीत शाळेची पाटी होती. मी पाटी काढली आणि लिहू लागलो: माळेत एक मणी जास्त आहे.

मानीबाईला वाचता येत नाही, हे त्या क्षणी मी विसरलो होतो. दुसरी गोष्ट मी विसरलो ती त्याहून वाईट होती. चौथ्या शब्दाला पेन्सिल पाटीवर करकरली.

लालसिंगचं शरीर खाटेवरून उठलं. फक्त टाचा आणि डोक्याचा मागचा भाग गादीला टेकलेला, मधलं सगळं कमानीसारखं वर. डोळे उघडे होते आणि त्यांना सगळं समजत होतं. धनुर्वातात शुद्ध जात नाही. ते मला तेव्हा कळलं. दातांवर दात असे वाजले की एखादा तुटेल. मग श्वासाचा आवाज बंद झाला. त्याचा चेहरा काळवंडत गेला. मी पाटी छातीशी धरून उभा होतो, आणि ती खाली पडली तर काय होईल या भीतीने बोटं तिच्यात रुतवून होतो.

मानीबाईने त्याला हात लावला नाही. लावायचा नसतो. ती गुडघ्यांवर त्याच्या तोंडाजवळ गेली आणि माळ त्याच्या डोळ्यांसमोर धरली. एक मणी सरकवला. थांबली. दुसरा सरकवला. थांबली. तो त्या अंगठ्याकडे पाहत होता. चौथ्या मण्याला त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, आणि श्वास परत आला. पाठ हळूहळू गादीला टेकली.

मानीबाई माझ्याकडे वळली. शिव्या देईल, हाकलून देईल, असं मला वाटलं, आणि दोन्हींची मी वाट पाहत होतो. तिने खाटेखालून शुभवर्तमानाचं पुस्तक काढलं, माझ्या हातातली पाटी अलगद घेऊन लुगड्याच्या घडीवर ठेवली आणि पुस्तक मला दिलं. मग स्वतःच्या ओठांना बोट लावून बोट हलवलं. वाच. ओठांनी.

घोंगडीच्या एका फटीतून उन्हाची एक रेघ आत येत होती. तिच्यात पान धरून मी ते वाचलं, आवाज न करता. वादळ आलं. होडीत पाणी भरलं. घाईत एखादा शब्द दोनदा म्हटला जात असावा. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मधेच तिने हात वर करून मला थांबवलं आणि दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले.

उशी आहे ना, असं ती विचारत होती.

मी मान हलवली. तिनेही हलवली. मग ती परत पायथ्याशी जाऊन बसली आणि अंगठा पुन्हा सुरू झाला. मणी जास्त आहे, हे माझ्या पोटातच राहिलं.

त्यानंतरचे दिवस मी मोजले नाहीत; मोजण्यावरचा माझा विश्वास उडाला होता. शाळा सुटली की मी येत असे, चपला सडकेवर काढत असे, आणि ओठांनी एक पान वाचून जात असे. रोज दारात पाऊल टाकण्याआधी मी व्हरांड्यात थांबून आतला श्वास ऐकायचो. एक दिवस तो ऐकूच आला नाही आणि मी तिथेच खाली बसलो. सिस्टर म्हणाल्या, "रुग्ण सुखरूप आहे. आपण कृपया पाणी प्राशन करावे." काही दिवस झटके वाढले, काही दिवस कमी झाले, आणि मानीबाई रोज थोडी बारीक होत गेली. पण पहाटेची माळ, दुपारचे चार शब्द आणि संध्याकाळचं पान यांत एक दिवसही चुकला नाही. मी एकदा व्हरांड्यात तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"भेव वाटते ना," ती म्हणाली. "पण रोज त्याच वेळी वाटते, म्हणून मंग त्या वेळेले माळ घेऊन बसतो आपण. भेव येते, जागा भरलेली पाह्यते, दाराशी बसते."

सतराव्या दिवशी सकाळी खिडकीची एक घोंगडी काढली होती. लालसिंगने डोळे उघडले, जबडा हलवून पाहिला, आणि बोटभर फटीतून त्याचा पहिला शब्द बाहेर आला.

"बिडी."

"धूम्रपान पूर्णतः वर्ज्य आहे," सिस्टर म्हणाल्या आणि पाठ फिरवून खिडकीकडे गेल्या. बाबुलाल सडकेवर ट्रकमध्ये वाट पाहत होता. त्याला कळलं तेव्हा त्याने हॉर्नवर हात ठेवला, आणि मग वाजवू नये हे आठवून तो हात तसाच धरून बसला, असं त्यानेच नंतर सांगितलं.

मानीबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसून बांगड्या पुन्हा हातात चढवत होती. हात वाळले होते. बांगड्या सहज चढत होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. आता बोलायला मोकळीक होती, त्यामुळे सांगणं आणखी अवघड झालं होतं.

"मावशी, एक सांगायचं आहे. माळेत एक मणी जास्त आहे. पहिल्या दहांत. माझ्या हातून अकरा ओवले गेले."

"ठाऊक हाये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुमी हातात देल्ली तेव्हापासून. पंधरा वर्साचं बोट हाये हे, त्याले दहा अन् अकरा समजत नाही काय?"

"मग औषधाची वेळ?"

"वेळेत मी तो धरलाच नाही. तेवढं मी सोडून मोजो."

मी पायरीवर बसलो. इतक्या दिवसांचं माझं सगळं गणित कोंबडीने गिळलेल्या मण्यासारखं कुठल्या कुठे गेलं. मग थोडा रागही आला. मी म्हणालो, "काढून का नाही टाकला मग? रोज तो एक मणी हाताखालून नुसता सोडून देत होतात?"

तिने शेवटची बांगडी कोपरापर्यंत सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सोडत नव्हती, गुरुजी, थेंब देल्ल्यावर तो मणी तुमच्या नावानं म्हणत होती, माह्या पोरापेक्षा तुमीच जास्त भेले होते."